पहिलं नको

आपण होकार देऊन बसलो आहोत हे हिंदुरावांना दोन-तीन दिवसांनी कळलं, तेही मुलाच्या तोंडून. सकाळचा चहा चालला होता. पृथ्वीराज बाल्कनीत फोनवर बोलत होता. खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि त्या टेम्पोचं कर्कश गाणं संपेपर्यंत तो एक कान दाबून उभा राहिला. मग आत आला आणि म्हणाला, "आबा, डन. सोमवारचा स्लॉट मिळाला. तिसरी लाइन सुरू." हिंदुरावांनी बिस्कीट चहात बुडवलं होतं ते तसंच धरून ठेवलं. "कसली?" "ट्रीटमेंटची. त्या दिवशी मॅडमनी नाही का सांगितलं? त्यांची असिस्टंट म्हणाली, काकांनी तिथल्या तिथे होकार दिला म्हणून बसवता आलं, नाहीतर पुढचा आठवडाच गेला असता." "होकार कुणी दिला?" "तुम्ही. बरं म्हणालात की." बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग कपात गळून पडला. हिंदुराव तो चमच्याने काढायला गेले, पण बोटांना चमचा नीट कळेना. पृथ्वीराजने कप ओढून घेतला, बिस्कीट काढलं आणि कप परत त्यांच्यासमोर ठेवला. "बरं," हिंदुराव म्हणाले, आणि लगेच त्यांनी ओठ मिटले, पण तोवर मुलगा आंघोळीला गेला होता.

त्या दिवशीचं त्यांना सगळं आठवत होतं आणि तरी तो होकार कुठे आठवत नव्हता. डॉक्टर नम्रता मॅडम वयाने पृथ्वीराजपेक्षा लहान. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यकृत काढलं होतं, एखाद्या नवशिक्या मुलाने तालुक्याचा नकाशा काढावा तसं, आणि त्यावर पेनने ठिपके दिले होते. आतड्याची गाठ काढून झाली, मग तिची पिल्लं यकृतात निघाली, आता छातीतही दिसत आहेत. पहिलं औषध चाललं नाही, दुसरं काही काळ चाललं. तिसरं देता येईल. गोळ्या, आणि पंधरवड्याने एक सलाईन. आजार जाणार नाही, थोपवून धरता येईल, काही आठवडे, कदाचित काही महिने. त्रास होईलच, किती ते आधी सांगता येत नाही. मॅडम एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, आणि त्या थांबल्या की हिंदुराव म्हणायचे, "बरं." कुणी आपल्यासाठी इतकं सावकाश बोलतंय तर आपणही काहीतरी म्हणायला हवं, एवढाच त्यात भाव. यकृताला बरं, छातीला बरं, त्रासाला बरं. शेवटचं वाक्य प्रश्न होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते त्या ठिपक्यांकडे पाहत होते. एक ठिपका चुकून रेषेच्या बाहेर पडला होता आणि मॅडमनी तो खोडला नव्हता.

हा शब्द त्यांना कधी जडला ते सांगता आलं नसतं. दुसरी माणसं हुंकार देतात तसं ते बरं म्हणत. त्याचा अर्थ एवढाच की ऐकलं, किंवा तुमचं बोलून झालं का, किंवा आता मला जाऊ द्या. त्यांचं नाव घराण्याला शोभेलसं, धायरीच्या शेतकरी घरातल्या थोरल्या मुलाचं, ऐकणाऱ्याला वाटावं मिशीला पीळ देत कुणी दारात उभं आहे. प्रत्यक्षात आवाज असा की शाळेत हजेरीला मास्तर दोनदा नाव घ्यायचे आणि तिसऱ्यांदा म्हणायचे, "हिंदुराव आहेत की स्वारीवर गेलेत?" त्यांना पुढे शिकायचं होतं, वाचत बसायचं होतं. वडील म्हणाले, हायस्कुलात लायब्ररीची जागा निघाली आहे, हेडमास्तरांशी बोललोय. ते म्हणाले बरं. मुलगी बघून आल्यावर मामाने विचारलं, पसंत ना? ते म्हणाले बरं, म्हणजे प्रश्न ऐकला, आता विचार करतो. आतल्या खोलीत तोवर साखर वाटून झाली होती. धाकटा भाऊ हिंमतराव याने घरच्या जमिनीवर इमारत उठवली तेव्हा विचारलं, दादा, तुझं नाव देऊ का? आणि आज फाटकावर पितळी अक्षरांत ‘हिंदुराव रेसिडेन्सी’ लिहिलेलं होतं. दुकानदाराला पत्ता सांगताना त्यांचे कान तापायचे. स्वतःच्या नावाच्या इमारतीत राहणारा माणूस म्हणजे कोण बडं प्रस्थ, असं समजून औषधवाला त्यांना साहेब म्हणायचा आणि वर सूट मात्र देत नव्हता. या सगळ्या होकारांतून एक आयुष्य झालं होतं आणि ते वाईट नव्हतं, हीच त्यातली अडचण होती. नोकरी मनासारखी निघाली. बायकोही, मथुरा. दुसऱ्यांनी ऐकलेल्या आपल्या होकारातून बरंच निघतं असा समज त्यांनी करून घेतला होता, आणि स्वतःला काय हवं होतं ते तपासण्याची सवय त्यामुळे कधी लागलीच नाही. आता तपासायला गेलं तर आत हात घालून बघावं आणि फडताळ रिकामं लागावं तसं होत होतं. मला काय हवं आहे? काही उत्तर येत नव्हतं. एक मात्र येत होतं, पुन्हा पुन्हा, पोटातून वर, मळमळ यावी तसं. नको.

पहिल्या औषधाने बोटांची टोकं गेली होती. त्या दिवसांत स्टीलच्या गार पेल्याला हात लागला की झिणझिणी कोपरापर्यंत जायची. औषध बंद झाल्यावर ती ओसरली, पण स्पर्श परत आला नाही. पुस्तक हातात धरलेलं डोळ्यांना दिसायचं, हाताला नाही. पान उलटताना दोन-दोन पानं एकदम उलटायची आणि ते कळायचं नाही. गोष्टीतला माणूस नुकता गावाहून निघालेला असायचा आणि पुढच्या ओळीत त्याच्या मुलीचं लग्न ठरत असायचं. सुरुवातीला हिंदुरावांना वाटलं, लेखकाने मधलं गाळलं आहे, नव्या पद्धतीचं लिहिणं असेल, आपल्याला समजत नाही. आयुष्यभर त्यांनी न समजलेल्या प्रत्येक गोष्टीचा दोष असाच स्वतःकडे घेतला होता. मग कळलं की पानं चिकटून गेली आहेत. त्यानंतर वाचणं म्हणजे प्रत्येक पानाशी ओळखपरेड. दुसऱ्या औषधाने जुलाब दिले. रबराच्या चादरी, बादल्या, आणि मथुरेचा तो खाली घातलेला चेहरा. ती तोंडाने सारखी काहीतरी बोलत राहायची, कांद्याचं, नळाचं, सुनेच्या ऑफिसचं, म्हणजे ती करत असलेलं काम दोघांपैकी कुणी बघत नाही असं व्हावं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्यासमोर सदरा काढतानाही पाठ फिरवली होती. जगण्याची किंमत द्यायला ते तयार नव्हते असं नाही. पण ती किंमत प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हातून जायची आणि वर तिनेच हसून विचारायचं, आता बरं वाटतंय ना? असं किती काळ चालवायचं, आणि कशासाठी? बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून आणखी काही आठवडे फाटकावरच्या अक्षरांची उलटी बाजू पाहण्यासाठी?

मथुराबाई ओट्यापाशी मेथी निवडत होत्या. हिंदुराव दारात जाऊन उभे राहिले. स्वयंपाकघरात त्यांचं येणं इतकं कमी की मथुराबाईंनी विचारलं, "पाणी हवं का?" "नाही." "मग?" "तू होतीस ना तिथं. डॉक्टरांकडे." "आता मी न्हवते तर कोण हुतं, शेजारीण?" हिंदुरावांनी चौकटीला हात टेकला. "मी बरं म्हणालो ते..." मेथीची काडी मोडायची थांबली आणि पुन्हा मोडू लागली. "ते काय?" "तुला माहीत आहे माझं बरं म्हणजे काय ते. दुसऱ्या कुणाला नसेल." मथुराबाईंनी मान वर केली नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने माहेरी जाऊन सगळ्यांना हसवलं होतं, आमच्या ह्यांचं बरं म्हणजे रिकामी घागर, वाजतीया पण आत पाणी न्हाई. घरातल्या प्रत्येक बरंचा अर्थ तीच लावायची. पाहुण्यांना सांगायची, ते बरं म्हणालेत पण येणार न्हाईत हां, धरून बसू नका. "मग मी काय म्हणायला पायजे हुतं त्या डॉक्टरणीला?" त्या म्हणाल्या. "बाई, ह्यांचं बरं धरू नका? असं?" "हं." "न्हाई म्हणवलं मला." त्यांनी निवडलेली पानं उगाच चाळली. "कळलं हुतं. तुमच्याकडं बघितलं न् कळलं की हे कुठंतरी दुसरीकडंच बघाय लागल्यात. पन तिनं लिहून घेतलं. म्हटलं, लिहितीय तर लिहू दे. एवढ्या वेळा तुमचं बरं लोकांसमोर खोटं पाडलं, ह्या एका वेळी खरं झालं तर काय बिघडलं?" हिंदुरावांनी चौकटीवरचा हात काढला. "चहा ठेवू का?" मथुराबाईंनी विचारलं. "नको," ते म्हणाले. मथुराबाईंनी गॅसवर आधण ठेवलं.

चहा पिताना हिंदुरावांच्या मनात आलं की आपल्याकडे हे असंच आहे. बरं म्हटलं तर हो धरतात, आणि नको म्हटलं तर ते धरतच नाहीत. पहिलं नको तर जमेतच नसतं. ते म्हणायचंच असतं, चांगल्या घरातला माणूस ते म्हणतो, आणि समोरच्याने ते ऐकायचं नसतं. लहानपणी कुणाच्या तरी लग्नात ते पंगतीला बसले होते, चुलत्यांच्या मांडीला मांडी लावून. पोट भरलं होतं, खरंच भरलं होतं. जिलबीचं ताट घेऊन एक घामाघूम माणूस आला आणि त्यांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. "पोरगं लाजतंय," चुलते म्हणाले, "वाढा." पाक बोटांच्या फटींतून खाली गेला. मोठी माणसं हसली. आपण लाजत नाही आहोत हे सांगण्याइतका धीटपणा त्यांच्यात नव्हता, म्हणजे एका अर्थी ते लाजतच होते आणि चुलत्यांचं बरोबरच होतं. मांडवामागे जाऊन त्यांनी सगळं ओकून टाकलं होतं. कुणाला हवंय आणि कोण लाजतंय हे बाहेरून बघणाऱ्याला कसं कळावं? आणि आतून तरी कुठे कळतं? आपलं हे आत्ताचं नकोसुद्धा तसलंच असेल तर? दुसऱ्यांना त्रास नको म्हणून काढलेलं, अंग चोरून बसण्याची जन्माची सवय म्हणून आलेलं? त्यांनी पुस्तकांत वाचलेली मरणारी माणसं फार स्पष्ट होती. कुणी देवाशी भांडत, कुणी शांत होत. उपचार नाकारणारी माणसं तर भलतीच करारी, खिडकीतून एखादं झाड बघत आणि निर्णय घेत. हिंदुरावांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे ए.सी. दिसत होते. त्यांना वाटलं, असला निर्णय घ्यायला माणूस आतून घट्ट लागतो, आणि आपल्यात एवढ्या वर्षांत घट्ट झाली ती फक्त ती गाठ.

रविवारी हिंमतराव आले. पांढरे कपडे, हातात शहाळ्यांची पिशवी, आणि दार उघडताच, "काय दादा, तब्येत खणखणीत दिसतीय!" हिंमतराव सगळ्यांना, आजाऱ्यांना आणि मेलेल्यांच्या घरच्यांनाही, खणखणीतच म्हणत. जेवायच्या आधी सगळे दिवाणखान्यात बसले. पृथ्वीराज सोमवारचं सांगत होता. किती वाजता निघायचं, उड्डाणपुलावरून जायचं की खालून, गाडी कुठे लावायची. त्याने ऑफिसात सांगून टाकलं होतं की पुढचे काही महिने घरूनच काम करणार. मॅनेजर कुरकुरला, पण दिली परवानगी. "गाडीचं तू बघू नको, ड्रायव्हर देतो मी," हिंमतराव म्हणाले. "मीच चालवीन काका," पृथ्वीराज म्हणाला. भर सभेत उभं राहून बोलायचं असल्यासारखं हिंदुरावांनी मनात वाक्य जुळवलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि पृथ्वीराजचं वाक्य चालू असतानाच ते बाहेर पडलं. "मला नको आहे ते." "काय नको?" पृथ्वीराजने विचारलं. "औषध. सोमवारचं." सगळे एकदम बोलले. "आबा, प्लीज, आता मध्येच हे नको." "दादा, पैशाकडं बघू नको हां, सांगून ठेवतो. जमीन काय छातीवर घेऊन जायचीय का मला?" "पैशाचं नाही." "मग काय, आम्हाला त्रास होतो म्हणून? अरे, तुझा त्रास तो त्रास असतो का?" "नको आहे मला," हिंदुराव म्हणाले, पण या वेळी आवाज खाली गेला. हिंमतरावांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि मथुराबाईंकडे बघून हसले. "वहिनी, हा लहानपणापासून असाच. ह्याला दिवाळीचा सदरासुद्धा नको असायचा. दोन-चारदा म्हणायला लागायचं, मग हळूच जाऊन घालून यायचा न् आरशासमोर उभा." पृथ्वीराजही हसला, सुटल्यासारखा. सगळं पुन्हा जागेवर बसलं. आणि खरं होतं ते. तो सदरा हिंदुरावांना आठवत होता, निळसर, कडक खळीचा, त्याला येणारा नव्या कापडाचा वास. नको म्हणताना तो त्यांना किती हवा होता! मथुराबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून पानं घ्यायला गेल्या आणि जाताजाता त्यांनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली की त्यांना ती जेवणभर पुरली. ती चिडलेली नव्हती, विनवणारीही नव्हती. परक्या गावात चुकलेल्या माणसाने दुकानाची पाटी वाचावी तशी ती नजर होती.

सोमवारी ते, मथुराबाई आणि पृथ्वीराज वेळेआधी पोचले. खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवरचा आवाज बंद केलेला टीव्ही, त्यात कुणीतरी पनीरचं काहीतरी करत होतं, आणि इथे बसलेल्या निम्म्या लोकांना वासानेही उलटी येत असेल. हिंदुरावांना भीती वाटत होती आणि ती नेमकी कशाची हे कळत नव्हतं. मरणाची असावी. पण मरणाची भीती मोठी, गंभीर असेल असं ते समजत होते, आणि ही तर शाळेत कविता पाठ न करता गेल्यावर वाटायची तसली होती. आत बोलावलं तेव्हा मॅडमनी आधी वजन पाहिलं, रक्ताचे आकडे पाहिले, मग पेन खाली ठेवलं. "काका, आज सुरू करायचं. मनाची तयारी आहे ना?" हिंदुरावांच्या तोंडाशी तो शब्द आला. तो जिभेच्या टोकावर येऊन बसला, अगदी सवयीच्या जागी. त्यांनी तो गिळला. "नको," ते म्हणाले. पृथ्वीराज लगेच पुढे झाला. "मॅडम, ते जरा टेन्शनमध्ये आहेत. संकोची स्वभाव आहे त्यांचा, आपल्याला त्रास नको म्हणून—" मॅडमनी त्याच्याकडे न बघता हात किंचित वर केला. "एक मिनिट. काका, नको म्हणजे आज नको, की हे औषधच नको?" असा प्रश्न हिंदुरावांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यांच्या नकोचे कुणी भाग पाडून पाहिले नव्हते. त्यांना एकदम त्या मुलीबद्दल, त्या डॉक्टरणीबद्दल, इतकी माया वाटली की डोळे भरून आले. "औषधच," ते म्हणाले. "त्याने काय होईल आणि न घेतल्याने काय होईल, मी सांगितलेलं लक्षात आहे?" "हो." "सांगाल मला?" त्यांनी सांगितलं. थांबत, शब्द शोधत, पण सगळं सांगितलं, रेषेबाहेरच्या ठिपक्यासकट. मॅडम ऐकत राहिल्या. "मग पुन्हा विचारते. घ्यायचं नाही?" "नाही," हिंदुराव म्हणाले. "मला नको आहे."

आणि ते थांबले. समोरच्या तिघांची तोंडं ते बघत होते. आता पृथ्वीराज म्हणेल, आबा, असं काय करता. आता मथुरा पदर डोळ्याला लावेल. मॅडम खुर्ची पुढे ओढून म्हणतील, काका, एकदा तरी घेऊन बघा, नाही सोसलं तर थांबवू. मंडईत भाव न पटून आपण पुढे निघतो, पावलं मुद्दाम लहान टाकतो, कान मागे ठेवतो, तसे ते बसून राहिले. मागून हाक आली नाही. "ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "तुमचा निर्णय मला कळला. मी त्याचा मान राखते. याचा अर्थ आम्ही तुम्हाला सोडून देतो असं नाही. दुखणं आटोक्यात ठेवायला, श्वासाला, झोपेला, सगळ्याला औषधं आहेत. आमची सिस्टर घरी येऊन बघून जाईल." त्या बोलत राहिल्या. हिंदुरावांनी पृथ्वीराजकडे पाहिलं. गेला महिनाभर औषधासाठी धडपडणारा, रात्री मोबाइलवर परदेशातले कसले कसले उपचार वाचून दाखवणारा तो मुलगा खाली बघत होता आणि त्याचे खांदे हळूहळू उतरत होते. ते उतरणं दुःखाचं होतं की विसाव्याचं हे बापाला ओळखता येईना. "ठीक आहे आबा," तो म्हणाला. "तुम्हाला नको तर नको." मथुराबाईंनी मान हलवली, एकदाच. बहुधा ती पाटी त्यांना वाचता आली होती. मॅडमनी फोन उचलला. "सिस्टर, आपली सलाईनची नऊ नंबरची खुर्ची रिकामी आहे. पुढच्या पेशंटला घ्या." ते बाहेर आले तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई लगबगीने उठत होती. "एवढ्या लवकर नंबर लागला!" ती बरोबरच्या माणसाला म्हणत होती, "चल की, बसलायस काय!" आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

हिंदुराव तिच्याकडे वळून वळून बघत लिफ्टपाशी आले. ती माझी खुर्ची आहे, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. नकोच होती ना? नकोच होती. पण नको म्हटल्यावर पुढे काहीतरी असतं, आणखी एक फेरी, आणखी एकदा वाढायला आलेलं माणूस, याची त्यांनी कुठेतरी खात्री धरली होती आणि त्या खात्रीच्या जिवावर ते तीन वेळा नकार देऊ शकले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं शब्दाला शब्द ऐकलं गेलं होतं, आणि ऐकल्यावर ते किती लहान होतं ते दिसलं. परत जाऊन सांगता येईल, दार अजून दहा पावलांवर आहे. काय सांगायचं? मॅडम, मी लाजत होतो? की खरंच लाजत नव्हतो, फक्त तुम्ही एकदा आणखी विचारायला हवं होतं? लिफ्ट आली. त्यात एक झोपलेला माणूस स्ट्रेचरवर होता, म्हणून त्यांनी ती जाऊ दिली आणि दुसरीची वाट पाहिली, आणि त्या वेळातही ते परत गेले नाहीत. ही भीती होती, की संकोच, की निर्णय? तिन्हींचा चेहरा सारखाच होता. त्यांना वाटलं, हे शेवटपर्यंत कळणार नाही, आणि आता शेवट फार लांब नाही.

गाडीत ते पुढे बसले, मथुराबाई मागे. म्हात्रे पुलाच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. पृथ्वीराजने कानात यंत्र घातलं आणि फोन लावला. "हो सर, पृथ्वीराज. नाही नाही, सर्व ठीक. ते घरून काम करायचं बोललो होतो ना, ते कॅन्सल करा. हो. नाही, आता गरज नाही पडणार. उद्यापासून येतो मी ऑफिसला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "येस सर. त्यांनीच ठरवलं. व्हेरी क्लिअर होते ते." त्याने फोन ठेवला आणि हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. गाडी हातभर पुढे सरकली. बाहेर नदीचं पाणी काळं आणि थांबलेलं होतं, कडेने जलपर्णी. हिंदुरावांनी तोंड उघडलं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की मी क्लिअर नव्हतो रे. पण मुलगा आरशात बघून लेन बदलत होता आणि त्याला आत्ता मध्येच बोलून दचकवणं बरोबर नव्हतं. "वारं लागतंय का तुम्हाला?" मागून मथुराबाईंनी विचारलं. "काच लावायला सांगू?" आवाज नेहमीचा होता, पण त्यात एक नवं काहीतरी होतं. त्या विचारून थांबल्या होत्या. एरवी विचारता विचारता त्यांनी मुलाला सांगूनही टाकलेलं असायचं. आता त्या खरोखर उत्तराची वाट पाहत होत्या, आणि जे उत्तर येईल तेच धरणार होत्या. पृथ्वीराजही गाडी हळू करून, बोट बटनावर ठेवून वाट पाहत होता. इथून पुढे सगळे असेच विचारणार होते, आणि ऐकून थांबणार होते. हिंदुरावांनी पुष्कळ शोधलं. त्यांना वारं लागतंय की नाही हेच त्यांना कळेना. काच अर्धी उघडी होती, मागच्या बसने हॉर्न दिला, आणि तरी कुणी काच लावली नाही.